नागोरावांचं नाव घेतो

एखाद्या माणसाचं नाव न घेता त्याच्याबद्दल तीन तास बोलता येतं का? तुम्हाला येत नसेल. मला येतं! मी शनिवार पेठेत वाढलेला माणूस आहे. आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी आमचं अठरा वर्षं बोलणं नाही, पण त्यांच्याबद्दल घरात रोज बोलणं होतं. तरी या अठरा वर्षांत त्यांचं नाव कोणाच्याही तोंडून निघालेलं नाही. 'समोरचे' म्हटलं की काम भागतं.

म्हणून हिंमतरावांनी मला ते काम सांगितलं तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवायच्या आत "झालं समजा!" म्हणून मोकळा झालो. चुकलं ते तिथेच.

मी अनिरुद्ध. सोमवार ते शुक्रवार एका कॉलेजच्या ऑफिसात बसतो आणि विद्यार्थ्यांना 'उद्या या' असं सांगतो. रविवारी मात्र हडपसरला 'रणगर्जना रेसलिंग'चं निवेदन करतो. ही मातीतली कुस्ती नव्हे. ही दोरखंडांच्या चौकटीतली, रंगीत चड्ड्यांची, मुखवट्यांची, धुराची कुस्ती. कोण जिंकणार हे शनिवारी संध्याकाळी हिंमतरावांच्या ऑफिसात भेळ खाताना ठरतं. प्रेक्षकांनाही हे माहीत असतं, तरी ते खुर्च्यांवर उभे राहून घसा फोडतात. आणि निकाल ठरलेला असला तरी मार खराच लागतो. मलम मालकांकडून मिळतं.

मालक म्हणजे हिंमतराव. एकेकाळी यांची शेती होती. आता तिथे कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, आणि हिंमतरावांकडे ही कुस्तीची कंपनी आहे.

या कंपनीचा नऊ वर्षं एकच हिरो होता. वज्रबाहू नागोराव! हे नाव मी चार सेकंद लांबवून म्हणायचो. खालची पोरं ते म्हणून संपायच्या आत नाचायला लागायची. मग एक दिवस उघडकीला आलं, की वज्रबाहूंचा एक जोडधंदा होता. ते खेळाडूंची बनावट प्रमाणपत्रं करून द्यायचे. ज्यांनी धावून कधी बससुद्धा पकडली नाही, ते राष्ट्रीय धावपटू म्हणून सरकारी नोकरीत शिरले होते. एक जण तलवारबाजीच्या पदकावर लागला होता आणि चौकशीत त्याला तलवार कुठल्या टोकाकडून धरतात ते सांगता आलं नाही. खरोखर खेळणारी पोरं घरी बसली होती, ते वेगळंच. नागोराव सध्या येरवड्यात आहेत. येरवड्यात म्हणजे 'आत'. नुसतं येरवडा म्हटलं की असं स्पष्ट करावं लागतं, याचा तिथे राहणाऱ्या लोकांना फार वैताग येतो.

झालं! हिंमतरावांनी नागोरावांना इतिहासातून काढायचं ठरवलं. व्हिडिओ उडवले, आणि कंपनीचा चौदा वर्षांचा इतिहास अडीच तासांचा उरला. ऑफिसातल्या फोटोतून नागोराव कापले, तर हिंमतरावांच्या खांद्यावर त्यांचा पंजा तेवढा राहिला. तो कोणाचा हे आता कोणी विचारत नाही. एका पोस्टरवर नागोरावांनी तेजसला डोक्यावर उचललेलं होतं. खालचे नागोराव पुसले आणि तेजस हवेत तरंगायला लागला. तेजस आमचा नवा हिरो. त्याला हे पोस्टर इतकं आवडलं, की त्याने ते घरी नेलं.

एवढी सगळी धडपड चालली होती ती एका मोबाईल ॲपसाठी. हे ॲप आमच्या लढती थेट दाखवणार होतं. त्यांच्याकडून राजनंदिनी नावाची एक मुलगी आली. वय चोवीस, हातात लॅपटॉप.

"सर, कॉन्ट्रॅक्टमध्ये क्लिअर आहे," ती म्हणाली. "नाव नाही, फोटो नाही, व्हिडिओ नाही. झीरो! लाइव्हमध्ये एकदा जरी नाव आलं ना, तर डील ऑफ."

"अनिरुद्धराव," हिंमतराव म्हणाले, "आता समदं तुमच्या जिभंवर हाय."

तेव्हा मी माझी योजना मांडली. "मॅडम, नाव घ्यायचं नाही, एवढंच ना? माझ्या आईने एक्केचाळीस वर्षांच्या संसारात वडिलांचं नाव घेतलं नाही. 'हे', 'आमच्याकडे', 'घरात' एवढ्यावर तिने चार मुलं वाढवली. कधी कोणाचं अडलं नाही!"

हे शंभर टक्के खरं नव्हतं. रेशनकार्डाच्या कारकुनाने तिला नवऱ्याचं नाव विचारलं होतं, तेव्हा आई म्हणाली होती, "ज्यांना मोदक आवडतात ते." वडिलांचं नाव विनायक. कारकुनाने गजानन लिहिलं. अकरा वर्षं आमचं रॉकेल कुणा गजाननाच्या नावाने येत होतं. पण हा तपशील मी मीटिंगमध्ये सांगितला नाही.

मीटिंग संपवून बाहेर आलो तर जिन्यात रतन उभा होता.

रतन यवतमाळकडचा. हडपसरच्या एका कारखान्यात कामाला आहे, आणि अकरा वर्षं आमच्याकडे हरायला येतो. हो, हरायला! या धंद्यात कोणीतरी जिंकायचं, तर कोणीतरी नीट हरावं लागतं, आणि रतनसारखं हरणारा माणूस मी पाहिला नाही. असा पडतो, की समोरच्याचा नुसता हात लागला तरी लोकांना वाटावं की ट्रक लागला. तीनशेच्या वर लढती झाल्या, आणि तो एक सोडून सगळ्या हरला. येत्या रविवारी त्याची शेवटची लढत होती. गुडघे बोलायला लागले होते.

ती जी एक सोडली, ती नागोरावांशी झाली होती. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. ठरल्याप्रमाणे रतन हरायचा होता. पण ऐन वेळी नागोरावांचा पाय मुरगळला आणि ते पाठीवर आडवे झाले. काय करावं हे न कळून रतन सवयीने पडला. या वेळी फक्त खाली नागोराव होते. पंचाने सवयीने तीन आकडे मोजले. आमच्या कंपनीच्या इतिहासात आधी न ठरलेला असा हा एकच निकाल!

"सर, एक काम होतं," रतन म्हणाला. "रविवारी आमची दीक्षा येऊन राह्यली."

दीक्षा त्याची मुलगी, सहावीत.

"अरे वा! येऊ दे की."

"तिनं शाळेत सांगितलं, माह्या बाबानं वज्रबाहूले हरवलं म्हणून. पोरीहीनं मोबाईलवर पाह्यलं, तर व्हिडिओच नाही. आता समदे तिले खोटारडी म्हणतात. तिच्या दोन मैत्रिणी येऊन राह्यल्या, खरं का खोटं पाहाले." त्याने जिन्याच्या कठड्याला हात टेकला. "मी सांगितलं, तर बापच सांगते म्हणतीन. तुम्ही माइकवर एकदा सांगजा ना, सर. तुमचं लोक ऐकतात."

अकरा वर्षांत रतनने कधी काही मागितलं नव्हतं. मलमसुद्धा नाही. मला वाईट वाटलं, आणि त्या भरात मी त्यालाही म्हणालो, "झालं समज!"

म्हणजे एका दिवसात मी दोन शब्द दिले. एक, नाव घेणार नाही. दुसरा, कोणाला हरवलं ते सांगीन. पण आईची पद्धत हाताशी होती, त्यामुळे मला यात काहीच अडचण दिसली नाही.

रविवारी आम्ही नेहमीच्या मंगल कार्यालयात होतो. कुस्तीला लागणारा मोठा हॉल, पार्किंग आणि भरपूर खुर्च्या तिथेच मिळतात. सोमवारी सकाळी कोणाचंतरी लग्न होतं, म्हणून सजावट आधीच झालेली. झेंडूच्या माळा, मागे थर्माकोलचं 'शुभविवाह' आणि व्यासपीठावर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या. दुसरी जागाच नव्हती, त्यामुळे नवऱ्याच्या खुर्चीत माइक घेऊन मी बसलो आणि नवरीच्या खुर्चीत हिंमतराव बसले. बाजूला स्टुलावर राजनंदिनी लॅपटॉप घेऊन. पुढच्या रांगेत शेजारच्या सोसायटीचं महिला मंडळ सुशीलाबाईंच्या नेतृत्वाखाली पाकिटातले शेंगदाणे खात बसलेलं. यांची एकही लढत चुकत नाही. तिसऱ्या रांगेत दोन वेण्या घातलेली दीक्षा, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन मैत्रिणी, साक्षीदार असल्यासारख्या.

सुरुवात झकास झाली. पहिल्या लढतीत एकाने मानेची ती प्रसिद्ध पकड घातली. तिचं पूर्वीचं नाव 'वज्रपाश'. मी अजिबात न अडखळता म्हणालो, "ही पकड आपल्याकडे ज्यांनी आणली, त्यांना ती फार प्रिय होती!"

हिंमतरावांनी मान डोलावली. राजनंदिनीने अंगठा दाखवला.

दुसऱ्या लढतीत जीभ आणखी सैल झाली. "हे असते तर त्यांनी डावा पाय आधी टाकला असता. ह्यांची पद्धतच वेगळी!"

आता बघा, 'तो' म्हणावं तर कोण तो हे सांगावं लागतं. 'हे' म्हटलं की सांगावं लागत नाही, आणि 'हे' म्हटलं की आदर आपोआप चिकटतो. तिसऱ्या लढतीपर्यंत मी नागोरावांबद्दल असा बोलत होतो, की माझ्या आईने वडिलांबद्दल काय बोलावं! "ह्यांना धूर सहन व्हायचा नाही." "ह्यांच्या वेळी घंटा अशी वाजायची नाही." "ह्यांची आठवण आली की आजही या हॉलमध्ये कसंसंच होतं." पुढच्या रांगेत शेंगदाणे खाणं थांबलं. सुशीलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"सर," राजनंदिनी कुजबुजली, "कमेंट्स बघा."

मी बघितलं. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'वज्रबाहू अमर रहे.' 'कधी झालं? कसं झालं?' खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागलेली. पाच मिनिटांत ही बातमी मोबाईलमधून उलटी हॉलमध्ये आली. मागच्या बाजूने कोणीतरी ओरडलं, "दोन मिनिटं शांतता!" आणि माझ्या डोळ्यांदेखत सातशे माणसं उभी राहिली. रिंगमध्ये एकमेकांना पिळणारे दोघे पैलवान काय झालं ते न कळून सुटे झाले आणि तेही माना खाली घालून उभे राहिले.

"अनिरुद्धराव!" हिंमतरावांचा चेहरा पांढरा पडला होता. "जित्या मानसाला मारलंत की वो! त्याचा वकील माझं कातडं सोलंल! सांगा की, तो जित्ता हाय!"

"नाव घेऊ?"

"न्हाई!!" हिंमतराव आणि राजनंदिनी एकदम म्हणाले.

मी माइक घेतला. "मंडळी, बसून घ्या. गैरसमज झाला आहे. ज्यांच्याबद्दल आपल्याला वाटतंय, ते सुखरूप आहेत. ते... ते आहेत तिथे आहेत. वेळच्या वेळी जेवण आहे. बाहेर पडणं होत नाही, एवढंच."

"म्हणजे दवाखान्यात?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"नाही हो."

"मग कोमात का?"

"सुशीलाबाई, ते ठणठणीत आहेत!"

"पण ते कोण? आम्ही म्हणतोय तेच का दुसरे कोणी? अहो, सरळ नाव घ्या ना!"

"नाव घेता येत नाही."

हे वाक्य मी लाल मखमली खुर्चीत बसून, झेंडूच्या माळांखाली, 'शुभविवाह'च्या पुढ्यात म्हणालो. शेजारच्या खुर्चीत हिंमतराव. सुशीलाबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा हिंमतरावांकडे बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं, की मला पुढचं सगळं कळलं.

"अगं बाई, लाजतायत! नाव घ्या, नाव घ्या!"

महिला मंडळाने टाळ्यांचा ताल धरला. "नाव घ्या! नाव घ्या!" दोन मिनिटांपूर्वी दुखवट्यात असलेला हॉल लग्नात शिरला. मंगल कार्यालयात एकदा हे सुरू झालं की थांबत नाही, हे तुम्हीही जाणता. नवरी रडायला लागली तरी थांबत नाही, मग माझं काय! "असं नाही चालणार! उखाण्यात घ्या!"

मी घाईघाईने पुढची लढत पुकारली. ती नेमकी रतनची होती.

रतन रिंगमध्ये चढला. त्याच्यासमोर तेजस. रतनने मुलीकडे बघून हात केला आणि मग माझ्याकडे बघितलं. मी उठलो. "मंडळी! अकरा वर्षं आपल्या सेवेत असलेल्या रतन यांची ही शेवटची लढत. याच रतन यांनी सात वर्षांपूर्वी... ह्यांना हरवलं होतं!"

हॉलमध्ये हशा. मला वाटलं होतं, टाळ्या पडतील.

"ह्यांना म्हणजे कोणाला?" तिसऱ्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला. दीक्षाच्या उजवीकडची मैत्रीण उभी राहिली होती. "बघ, नाव सांगतच नाहीयेत! कारण कोणालाच हरवलं नाही!"

दीक्षाने वेणीचं टोक तोंडात धरलं आणि खाली मान घातली. रिंगमधल्या रतनने तो सगळा प्रकार पाहिला. हा माणूस तीनशे वेळा माझ्यासमोर हरला आहे, पण त्याचं ते तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. उरलेला हॉल ठेक्यात ओरडत होता, "नाव घ्या! नाव घ्या!"

राजनंदिनीने बोटांनी शून्य करून दाखवलं. हिंमतराव गळ्यावरून हात फिरवत होते, म्हणजे थांबा किंवा मारीन यापैकी काहीतरी. मी माइक वर केला. काय बोलायचं हे ठरलेलं नव्हतं.

"येरवड्याच्या भिंतीला भलं मोठं दार,
नागोरावांना रतनने चीत केलं, मी साक्षीदार!"

मग जो आवाज उठला, त्याने थर्माकोलचा 'शु' निखळून पडला! सुशीलाबाई शिट्टी वाजवत होत्या. ही कला त्यांच्याकडे आहे, हे मंडळालाही माहीत नव्हतं. दीक्षा खुर्चीवर चढून उजवीकडच्या मैत्रिणीला दोन्ही हातांनी हलवत होती, "ऐकलंस? ऐकलंस?" खुर्चीचा पाय वाकला, तरी ती उतरली नाही.

तेजसचंही मन भरून आलं असावं. ठरलेला निकाल मोडून त्याने स्वतःला मागच्या मागे झोकून दिलं, म्हणजे रतनने वर पडावं आणि जिंकून निरोप घ्यावा. पण रतन तेव्हा डोळे पुसत होता. कोणीतरी पडल्याचा आवाज आला, तसा तोही सवयीने धाडकन पाठीवर पडला. तेजस बिचारा गोंधळून अर्धा उठला, त्याचा तोल गेला आणि तो रतनच्या छातीवर कोसळला. पंचाने तीन मोजले. रतन शेवटची लढतही हरला. हरलेल्या पैलवानाला लोकांनी खांद्यावर घेतलेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ॲपवाले गेले. राजनंदिनी जाताना म्हणाली, "सर, पर्सनली सांगते, उखाणा भारी होता." हिंमतरावांनी मला कामावरून काढलं. तीन दिवसांनी परत घेतलं, कारण तीन तास फुकट बोलायला दुसरं कोणी तयार होईना. पण माझ्याशी त्यांनी बोलणं टाकलं. काही सांगायचं असलं की तेजसला म्हणायचे, "त्यांना सांग."

आठवड्याने नोटीस आली. नागोरावांच्या वकिलांची, रजिस्टर पोस्टाने, माझ्या नावावर. मला वाटलं, येरवड्याचा उल्लेख झोंबला असणार, किंवा ती श्रद्धांजली. पण त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. मजकूर असा होता:

'आमचे अशील हे सदर लढतीत श्री. रतन यांचेकडून पराभूत घोषित झाले होते, हे खरे आहे. तथापि, आमचे अशिलांस कोणीही चीत केलेले नसून त्यांचा पाय मुरगळला होता. सबब आपण सात दिवसांत त्याच ठिकाणी व त्याच स्वरूपात जाहीर दुरुस्ती करावी, अन्यथा पुढील कारवाई करण्यात येईल.'

हिंमतरावांनी ती वाचली आणि बोलणं टाकल्याचं विसरून मला म्हणाले, "आवो, कोठडीत बसून त्याला ह्येचं पडलंय!"

मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी रतन आला. त्याला नोटीस दाखवली. त्याने ती चार वेळा वाचली. चौथ्यांदा 'पराभूत' या शब्दाखाली बोट ठेवून वाचली.

"सर, याच्यावर तारीख हाये. सही हाये." मग कागद उजेडाकडे धरून म्हणाला, "शिक्का बी हाये."

"अरे, ही माझ्याविरुद्धची नोटीस आहे रतन!"

"हो सर. पण त्यायनं स्वतः लिहून देल्लं, हरलो म्हणून." कागदाची घडी घालत तो म्हणाला, "मी नेऊ? दीक्षाले द्याले."

"नेतोस कुठे? मला उत्तर द्यायचंय. झेरॉक्स काढून ने."

"झेरॉक्सवर पोरी म्हणतीन, खोटं हाये," रतन म्हणाला. "तुम्ही ठेवा ना झेरॉक्स."

मी झेरॉक्स ठेवली. मूळ नोटीस प्लास्टिकच्या आवरणात घालून दीक्षाने शाळेत नेली आणि बाईंनी ती सगळ्या वर्गाला मोठ्याने वाचून दाखवली, पाय मुरगळल्याच्या भागासकट. दीक्षाला त्या भागाचं काही वाटलं नाही.

मुदत परवा संपते. 'त्याच स्वरूपात' म्हणजे उखाण्यातच, असं माझ्याही वकिलाचं मत पडलं आहे. सुशीलाबाईंनी पुढची रांग राखून ठेवली आहे, आणि 'मुरगळला'ला यमक मला अजून सापडलेलं नाही.